पाय धुण्याची तालीम

पाय धुण्याचीसुद्धा तालीम करावी लागते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. पाय आहे, पाणी आहे, टॉवेल आहे, यात चुकण्यासारखं काय असतं, अशी माझी आपली अडाणी समजूत. पण डार्सीच्या मते आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं हा विधी ‘तळघरात वाया घालवत’ होतो. हे ती आमच्या चर्चच्या तळघरातच बसून म्हणाली, मी केलेला केक खाता खाता. मी तिची बशी उचलून नेली. अर्धा तुकडा शिल्लक होता, तरी नेली.

डार्सीला आमच्या पाळकाने, ड्वेन रेम्पेलने, शहरातून, विनिपेगहून आणलं होतं. उपासनेचं नूतनीकरण करायला. लोक स्वयंपाकघराचं करतात तसं. ड्वेनला मी रविवारच्या शाळेत शिकवलंय, त्याचं शेंबडं नाक पुसलंय, त्यामुळे त्याच्या पोटात काय दुखतंय ते मला न सांगता कळतं. हायवेवर ते नवं मोठं चर्च झाल्यापासून आमची तरणी पोरं तिकडे जायला लागली होती. तिकडे ड्रम, तिकडे रंगीत दिवे, तिकडे दारातच कॉफी. आमच्याकडे लाकडी बाकं आणि चार आवाजांतलं बिनवाद्यांचं गाणं. ड्वेन बिचारा घाबरला. आणि घाबरलेल्या माणसाला सल्ला देणारे कुठूनही सापडतात.

नव्याला माझा विरोध नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल म्हातारी खडूस आहे. पोरांनी मोठ्या कागदावर नोहाचं तारू रंगवलं, त्यात आमच्याच गावच्या गाई चढवल्या, ते मला फार आवडलं. एका रविवारी एका मुलाने चेलो वाजवला तेव्हा मी रडले. पण पुढे जे सुरू झालं त्याचा मला वीट आला. ऐंशीच्या म्हाताऱ्यांच्या हातात अंड्याएवढे खुळखुळे दिले. माझा नवरा एब, आयुष्यभर खर्जात गायलेला माणूस, पहिल्या बाकावर बसून खुळखुळा हलवतोय आणि डार्सी त्याला म्हणतेय, “अगदी बरोबर, एब, असंच.” मग फिती आल्या. मुलींनी रंगीत फिती नाचवत बाकांमधून पळायचं आणि म्हाताऱ्यांनी त्या फितींना हात लावायचा, म्हणजे पिढ्या जोडल्या जातात. ‘पिढ्या जोडू या’ असा फलकच लावला होता व्यासपीठावर.

आमच्यात पिढ्या कशा जोडल्या जायच्या, ते मी सांगते. मी लहान असताना आईच्या मांडीवर धाकटा असायचा, म्हणून मला जस्टीना मावशीच्या शेजारी बसवायचे. आमच्याकडे नातं नसलं तरी वडीलधारी बाई म्हणजे मावशीच. तिच्या दंडाला टेकून बसलं की तिचा आवाज कानात नाही, हाडात शिरायचा. बायकांचा खालचा सूर मला कुणी शिकवला नाही. ती गायची आणि मी तिला चिकटून गायचे. तिच्या कोटाला पेपरमिंटचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा. तेवढ्यासाठी कुणाला फिती नाचवाव्या लागल्या नव्हत्या.

तर पाय धुणं. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आम्ही एकमेकांचे धुतो. गुड फ्रायडेला सकाळी प्रभुभोजन झालं की आमच्या बायका तळघरात उतरतात आणि पुरुष शेजारच्या खोलीत जातात. बाकावर बसायचं, मोजे काढायचे. जी बाई शेजारी येऊन बसेल ती तुमची जोडीदार. निवडायचं नाही, सगळा जीव त्यात आहे. भांडलेली जाऊ येऊन बसली तर जाऊ. तिच्यापुढे गुडघे टेकायचे, तसराळ्यात तिचे पाय धुवायचे, पुसायचे, मग ती तुमचे धुणार. मग उभं राहून गालाला गाल लावायचा आणि देव तुझं भलं करो म्हणायचं. बाकीच्या बायका बसल्या जागी गात असतात. आणि हो, सगळ्या जणी घरून पाय घासूनपुसून, नवे मोजे घालून येतात. घाणेरडे पाय घेऊन पाय धुवायला यायची आमच्यात कुणाची छाती नाही. आम्हीच त्यावर हसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घासतो. तसराळी, टॉवेल आणि कोमट पाणी ही माझी जबाबदारी. माझ्याआधी माझ्या सासूची होती.

डार्सीने ठरवलं, की हे सगळं वर आणायचं, व्यासपीठावर. सगळ्यांनी धुवायचे नाहीत. एकच जोडी. एक लहान मुलगी एका वृद्धेचे पाय धुणार. कॅमेरा पायांवर, मागे भिंतभर पडदा, खिडक्यांना काळं कापड, खाली हळूहळू ड्रम. बाकीची मंडळी बघणार.

“आणि मग म्हातारी पोरीचे धुणार,” मी म्हणाले.

“नाही, तेवढं लांबवायला नको,” डार्सी म्हणाली. “एकाच बाजूने झालं की अर्थ जास्त ठळक होतो.”

“आणि आमचे पाय? आमचे कोण धुणार?”

“तुम्ही मनातून सहभागी व्हाल, मार्टा.”

मनातून. मी ड्वेनकडे पाहिलं, तर तो कागदी रुमालाची घडी घालण्यात गुंतला होता.

मुलगी ठरली ड्वेनचीच, टेसा. म्हातारी निवडायला डार्सी एका रविवारी दारातच उभी राहिली आणि आत येणाऱ्या बायकांचे चेहरे बघायला लागली, बाजारात भोपळा वाजवून बघावा तशी. तिची नजर जस्टीना मावशीवर ठरली. मावशी चौऱ्याऐंशीची. पांढरेशुभ्र केस मागे घट्ट बांधलेले, निळे डोळे, चेहराभर बारीक सुरकुत्या. “हा चेहरा,” डार्सी माझ्या कानाशी येऊन म्हणाली. “या चेहऱ्यावर सगळं लिहिलंय.” काय लिहिलंय ते मात्र तिने मावशीला विचारलं नाही.

मावशीला व्यासपीठावर मिरवायची हौस नव्हती. पण तिचं एक होतं. ईस्टर झाला की तिचा मुलगा तिला कायमची ब्रिटिश कोलंबियाला नेणार होता, डोंगरापलीकडे, जिथे तिला ओळखणारं कुणी नाही.

“मार्टा,” ती मला म्हणाली, “शेवटचं एकदा माझ्या मंडळीत माझे पाय धुतले गेले ना, की मी सुखाने जाईन बघ. खाली नाहीच म्हणतात ना यंदा?”

“नाही म्हणतात.”

“मग वर तर वर. पोर धुणार आहे, चांगलंच आहे की. फक्त मलाही तिचे धुऊ द्यायला हवे होते.”

“ते लांबतं म्हणे.”

“लांबतं?” मावशी म्हणाली. “चारच तर पाय.”

आता मावशीच्या पायांबद्दल सांगायला हवं. लहानपणी बीटच्या शेतात अनवाणी खुरपणी केलेली, एका हिवाळ्यात दोन बोटं गारठून काळी पडली ती तशीच राहिली. नखं जाड आणि पिवळी, अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला, टाचांना भेगा, तळव्याला घट्टे. त्यात मधुमेह. म्हणजे त्या पायांना काही कळतच नाही. खडा बोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. पायांची निगा राखणारी नर्स महिन्यातून एकदा गावात येते, ती तिची नखं कापते. तिने माझ्यासमोर मावशीला बजावलं होतं, की स्वतः पातं लावायचं नाही, साधी जखम झाली तरी पाय कापायची पाळी येऊ शकते. ते पाय माझ्या वाट्यालाही आलेत तळघरात. पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा मला कसंसंच झालं होतं. मग धुतले, पुसले आणि झालं. किळस अशी धुता धुता जाते, दुसरा काही उपाय मला तरी माहीत नाही.

तालमीच्या दिवशी बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता, दारात चिखलाच्या बुटांची रांग. मावशी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसली. डार्सीने तिच्या केसांवर दिवा आणला, मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा दिवा हलवला. “आता मोजे, जस्टीना.” मावशीने मोजे गुंडाळत खाली काढले. मागच्या भिंतीवर ते पाय उमटले, छतापासून जमिनीपर्यंत.

टेसाने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग तिला जोरात उमळून आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

“घोड्याचे खूर आहेत गं ते,” मावशी हसून म्हणाली. “भिऊ नको, लाथ नाही मारत.”

“सॉरी, जस्टीना आजी,” टेसा म्हणाली आणि रडायलाच लागली.

पोरीचा मला राग आला नाही. पोटातून आलं ते तिने लपवलं नाही. राग आला तो डार्सीचा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही. “कॅमेरा बंद करू या,” ती गोड आवाजात म्हणाली, “मी जरा दिव्याचं बघते.” आणि दिव्याकडे न जाता ड्वेनला घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आली.

“मार्टा, तुमचे पाय कसे आहेत?” तिने विचारलं.

“दोन आहेत.”

“नाही, म्हणजे, आम्ही असा विचार करत होतो, की चेहरा जस्टीनांचाच ठेवायचा. तो चेहरा सोडायचा नाही. पण पाय जवळून दिसतात ना, ते तुमचे घेऊ. तुम्ही खुर्चीच्या मागे पडद्याआड बसायचं. लोकांना काही कळणार नाही.”

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. “चेहरा तिचा आणि पाय माझे.”

“हो.”

“आणि तिच्या पायांचं काय करायचं? बाहेर दारात काढून ठेवायचे, बुटांबरोबर?”

“मार्टा मावशी,” ड्वेन मध्ये पडला, “हे तिच्या सन्मानासाठीच चाललंय. भिंतीएवढं दिसतं ते. लोक काय म्हणतील तिला?”

“लोकांचं सोड. तुला त्या पायांची घाण वाटते, तसं सरळ म्हण. तुझी पोर तुझ्यापेक्षा बरी, तिने निदान लपवलं नाही. आणि येशूने कुणाचे धुतले रे? तेही आधी तपासून घेतले होते का?”

“मावशी, तुम्ही उगाच…”

“मी उगाच नाही. ती नसेल तर पाणी नाही. तसराळी माझ्या कपाटात आहेत आणि किल्ली माझ्या खिशात. धुवा मग चहाच्या कपात.”

मी बरंच मोठ्याने बोलत होते. वळून बघते तर दारात मावशी, मोजे हातात घेऊन, अनवाणी. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. सगळंच असावं.

“माझ्यावरून भांडू नका गं,” ती म्हणाली. मग डार्सीकडे वळली. “पाय जरा नीट केले तर चालतील का?”

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जिने अर्ध्या गावाचे पाय धुतलेत, ती एका परक्या पोरीला विचारतेय, माझे पाय चालतील का. आणि त्या पोरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचा चेहरा उजळलाच.

“अगदी थोडंसं, जस्टीना,” ती म्हणाली. “थोडी नखं, थोडी ती टाचेची कड. पडद्यावर सगळं मोठं दिसतं ना.”

“बघा,” ड्वेन म्हणाला, “निघाला मार्ग.”

मी मावशीला गाडीने घरी सोडायला निघाले. खडीच्या रस्त्यावर चिखल असा उडत होता, की काच पुसून पुसून वैताग आला.

“नर्स ईस्टरनंतर येणार आहे,” मी म्हणाले.

“माहितेय.”

“मी तुला शहरात नेते, दुसरी कुणी असेल तर बघू.”

“सणाच्या आठवड्यात कोण बसलंय तुझ्यासाठी. कोमट पाण्यात बुडवून ठेवीन, क्रीम लावीन, होतील मऊ.”

“पातं लावायचं नाही. शपथ घे.”

“आपल्यात शपथ घेत नाहीत, मार्टा.”

“मग हो म्हण.”

“बरं, बरं,” मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आमच्यात हो म्हणजे हो असतं, नाही म्हणजे नाही. बरं-बरं म्हणजे काहीच नसतं, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्या आठवड्यात मी तिला रोज फोन केला. रोज ती म्हणायची, मऊ होतायत.

गुड फ्रायडेला सकाळी मी चर्चमध्ये शिरले, तर आत काळोख. बाहेर लख्ख ऊन पडलेलं आणि आत खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली. म्हातारी माणसं चाचपडत बाकं शोधत होती. हायवेच्या चर्चमध्ये गेलेली काही तरणी मंडळीही आली होती, ड्वेन दारात त्यांचे हात हलवून हलवून थकत नव्हता. मावशी व्यासपीठामागच्या खोलीत बसली होती, निळा झगा, जाड नवे मोजे, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

“एकदम तुळतुळीत केलेत,” ती माझ्या कानात म्हणाली. “बघशीलच.”

“काय केलंस?”

तेवढ्यात ड्रम सुरू झाला आणि डार्सीने मला हाताने खूण केली, की पाणी. गरम पाण्याचा जग घेऊन मला व्यासपीठाच्या कडेला उभं राहायचं होतं. मावशीला दोघींनी धरून खुर्चीत नेलं. तसराळं तिच्या पुढ्यात होतं, मी पाणी ओतलं आणि बाजूला झाले. टेसा पांढऱ्या झग्यात गुडघ्यावर बसली होती.

मोजे निघाले. भिंतीवर पाय उमटले. नखं सरळ रेषेत कापलेली. टाचेचे घट्टे गायब. तळवा सोललेल्या बटाट्यासारखा गुलाबी. बाकांवरून कौतुकाचा सुस्कारा ऐकू आला. टेसाने या वेळी हात मागे घेतला नाही. तिने मावशीचा उजवा पाय उचलून पाण्यात ठेवला.

आधी काही दिसलं नाही. मग पाण्यात एक लाल दोरा आला, मग दुसरा. मग पाणी गुलाबी झालं, मग लाल. भिंतभर. ड्रमवाल्याने वर पडद्याकडे पाहिलं आणि तो जोरात वाजवायला लागला. कुणीतरी हुंदका दिला. “प्रभूचं रक्त,” मागून एक बाई म्हणाली आणि तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी. माझ्या शेजारच्या बाकावर बसलेला, उभ्या आयुष्यात कुणासमोर न रडलेला शेतकरी टोपीत तोंड घालून रडत होता. त्यांना वाटलं, डार्सीचीच काहीतरी कलाकारी आहे. गुड फ्रायडे आहे, कलेची उपासना आहे, पाण्यात लाल रंग येणारच.

मावशीला काही कळत नव्हतं. तिचे पाय तिला कळवतच नाहीत. ती समोर मंडळीकडे बघत शांत हसत होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर गेला आणि मग तर सगळं चर्च हमसायला लागलं.

टेसाला कळलं. तिचेच हात होते त्या पाण्यात. तिने बापाकडे पाहिलं. बाप डोळे मिटून, दोन्ही हात वर करून उभा होता. आमच्यात कुणी हात वर करत नाहीत, त्याने ते त्या वर्षीच शिकून घेतलं होतं. तिने डार्सीकडे पाहिलं, काहीतरी बोललीही, पण ड्रममध्ये कुणाला ऐकू जाणार. मग तिने तो पाय पाण्यातून काढून स्वतःच्या मांडीवर घेतला, टॉवेल तळव्यावर दाबला आणि तशीच दाबून बसली. पांढरा झगा लाल व्हायला लागला. ते पाहून लोक उभे राहिले.

मी जग खाली टाकला आणि वर गेले. “थांबवा,” मी ओरडले. “रक्त आहे हे. खरं रक्त आहे.”

“आमेन,” मागच्या बाकांवरून कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणालं.

“अरे, खरंखुरं रक्त आहे, कळतंय का कुणाला?”

“आमेन.” आता दहा-बारा जण. आणि मग टाळ्या. आमच्या चर्चमध्ये आजवर टाळी वाजली नव्हती, लग्नातसुद्धा नाही. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते आणि आयुष्यात माझं इतकं कौतुकही कधी झालं नव्हतं. व्यासपीठाच्या खाली डार्सी छातीवर हात धरून उभी होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती मला मानेने खुणावत होती, की चालू दे, चालू दे. मला तिथेच, त्या तसराळ्यात, ओकावंसं वाटलं.

मी एबला नावाने हाक मारली, शिवी द्यावी तशी. तेव्हा कुठे तो खुळखुळा ठेवून उठला आणि गाडी आणायला पळाला. काळं कापड फाडून मी खिडकीतून उजेड घेतला. उजेड आत आल्यावर टाळ्या थांबल्या, म्हणजे एकेक करून थांबल्या. मावशीला उचलून गाडीत घातलं तरी टेसा टॉवेल सोडेना. पाय मांडीवर घेऊन तीही गाडीत बसली.

“काढ हात आता, मी धरते,” मी म्हणाले.

“नको. सुटेल परत,” ती म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखले होते. तिला एकदाही उमळलं नाही.

शेजारच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात सगळं कळलं. मावशीने तिच्या गेलेल्या नवऱ्याचं दाढीचं पातं काढलं होतं. न्हाणीत टबच्या काठावर बसून रोज थोडे थोडे घट्टे तासले, बोटांखाली पहिल्याच दिवशी खोल गेलं होतं, शेवटच्या दिवशी तिथेच आणखी खोल गेलं. दुखलं नाही, त्यामुळे थांबायचं कुठे ते कळलं नाही. जखमेवर पट्टी लावली होती, ती तिने व्यासपीठावर जायच्या आधी स्वतःच काढून पर्समध्ये ठेवली. पट्टी पडद्यावर बरी दिसली नसती. डॉक्टर म्हणाले, जुनी जखम आहे, आत पसरलंय, दोन बोटं तर जातीलच, आणि पुढचं अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी ड्वेन आला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहिला, हातात ट्यूलिपची फुलं.

“मार्टा मावशी, काय बोलावं तेच कळत नाही.”

“मग बोलू नको.”

पण तो बोललाच. “फोन थांबत नाहीत. लोक म्हणतायत, असा गुड फ्रायडे कधी झाला नव्हता. ती हायवेची पोरं पुढच्या रविवारी येतो म्हणालीत.”

“तू त्यांना सांगितलंस का, ते काय होतं ते?”

“सांगितलं.” त्याने फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “सांगितल्यावर तर त्यांना जास्तच… म्हणजे, देव कशाचाही उपयोग करून घेतो, मावशी. डार्सी म्हणत होती, ते चित्रीकरण दुसऱ्या मंडळींनाही दाखवता येईल. अर्थात जस्टीना मावशीची परवानगी घेऊनच.”

कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. मी त्याच्यापाशी गेले, झाकण उघडलं आणि थुंकले. चर्चची सेविका, साठीच्या वरची, हॉस्पिटलात थुंकते. ड्वेन फुलं बाकावर ठेवून निघून गेला. जाताना टेसाला चल म्हणाला. ती नाही म्हणाली आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिली.

मी आत गेले. मावशीचा पाय उशीवर होता, गुडघ्याखाली सगळं पांढरं बांधलेलं. तिने डोळे उघडले.

“पोर घाबरली नाही ना गं?”

“नाही. बाहेर बसलीये. उठायला तयार नाही.”

“गुणाची आहे. पाय पुरते धुऊन झाले होते का? मला तिकडे खाली वाकून बघता आलं नाही.”

“एक झाला.”

“एक तरी झाला,” मावशी म्हणाली. मग तिने माझं मनगट धरलं, आणि तिच्या हातात अजूनही जोर होता. “मार्टा, खरं सांग. भिंतीएवढं दिसत होतं म्हणतात. लोकांना किळस नाही ना आली माझी?”

गाडीत बसल्यापासून मी तिला काय काय सांगायचं ते मनात रचत होते. त्या टाळ्या, ते आमेन, ती डार्सी, ते चित्रीकरण, सगळं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही, मावशी,” मी म्हणाले. “कुणालाही आली नाही.”

तिने मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले. मी खोटं बोलले नव्हते. भिंतभर रक्त वाहत होतं, आणि मी आणि बाहेर बसलेली ती एक पोर सोडलो तर आमच्या अख्ख्या मंडळीत कुणालाही कसंसं झालं नव्हतं.